तेल घातलेलं डोकं आणि आमचं मशीन

परवा रविवारी परभणीत, माझ्या क्लिनिकमध्ये ट्रेनिंग ठेवलं होतं... न्यूरोफीडबॅकचं. जिल्ह्यातले डॉक्टर, फिजिओ, समुपदेशक शिकायला आले होते आणि शिकवणारी मी. त्यामुळे सकाळपासून जरा ऐटीतच होते.

मशीन तसं साधं. डोक्याला सेन्सर लावायचे, मेंदूच्या लहरी कॉम्प्युटर वाचतो... मेंदू शांत झाला की स्क्रीनवरची होडी पुढे सरकते, नाहीतर जागीच उभी. असं बरेचदा करून मेंदूला शांत व्हायची सवय लागावी, एवढाच विचार. ही जादू नाही आणि सगळ्यांना गुण येतोच असंही नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

प्रात्यक्षिकासाठी ताडकळसच्या सुमनमावशी यायच्या होत्या. वर्षानुवर्षं अर्धशिशी... डोकं उठलं की अंधार करून पडायचं आणि वर 'कामाचा कंटाळा' हे घरच्यांकडून ऐकून घ्यायचं. मोठ्या मुश्किलीने तयार झाल्या होत्या. आजचा दिवस वाया गेला तर त्या पुन्हा फिरकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मावशी आल्या आणि खोलीभर चमेलीचा वास सुटला. डॉक्टर डोकं बघणार म्हणून त्यांनी पहाटे उठून तेल थापलं होतं, चापूनचोपून वेणी घातली होती! विस्कटलेल्या डोक्याने कोणी पाहुण्याकडे जात नाही, मग डॉक्टरकडे कसं जायचं?

सेन्सर काही केल्या टिकेनात. स्क्रीनवर नुसता गोंधळ... पुण्यात शिकताना ही अडचण कधी आलीच नव्हती, त्यामुळे तेल लावू नका हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. शेवटी कंटाळून म्हटलं, "मावशी, पुढच्या रविवारी या."

त्यांचा चेहरा पडला. "आता न्हाई जमायचं बाई. कापूस येचायचा हाय." आणि पिशवी उचलून त्या निघाल्यासुद्धा.

तेवढ्यात डॉ. सुनंदा उठली. ही पाथरीहून आलेली, सकाळपासून मागे गप्प बसलेली. तिने मावशींना हाताला धरून बेसिनपाशी बसवलं, किटलीत पाणी गरम केलं, समोरच्या दुकानातून शाम्पूच्या पुड्या मागवल्या... आणि बाह्या सरसावून सरळ त्यांचं डोकं धुवायला लागली.

माझं टाइमटेबल पार कोलमडलं. जेवणाचे डबे निवायला लागले, मी आतल्या आत धुमसतेय आणि दोन डॉक्टर मंडळी टॉवेल धरून उभी!

मावशींनी डोळे मिटले होते. मधेच हळूच म्हणाल्या, "माय गेल्यापासून माज्या डोक्याला कोनी हात न्हाई लावला गं..."

सुनंदा धूतच राहिली. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

केस वाळल्यावर पुन्हा सेन्सर लावले. होडी आधी हलेना... मग जराशी सरकली, थांबली, परत सरकली. "चालली की!" म्हणून मावशी अशा हसल्या की होडी पुन्हा जागच्या जागी उभी.

अर्धशिशीचं काय होईल ते आज सांगता येणार नाही. पण निघताना मावशी दारात थांबल्या. "कापूस सूनबाई येचंल. मी पुन्हा कवा येऊ?"

हे त्यांनी मला नाही, सुनंदाला विचारलं... आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. सुनंदा, तुझे मनापासून आभार गं.