वर जाऊन बघितलेला बांध

नगरच्या कापड बाजारात, जिन्यावरच्या एका फोटो स्टुडिओत कानिफनाथ रिटचिंगचं काम करायचा. खिडकीच्या उजेडात निगेटिव्ह धरायची आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने माणसांची तोंडं सुधारायची. नवऱ्या मुलीच्या गालावरचे देवीचे व्रण, वकीलसाहेबांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं त्या पेन्सिलीखाली गडप. मालक मार्तंडराव गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "आमचा कानिफ म्हणजे दुसरा ब्रह्मदेव हो! पहिल्याने केलेल्या चुका हा दुरुस्त करतो."

पण एका तोंडाला कानिफला पेन्सिल नव्हे, काळं लावायचं होतं. श्रीमंततात्याच्या.

कानिफचं गाव टेकाडवाडी, लष्कराच्या धावपट्टीपासून कोसभर. त्यांच्या रानाच्या एका अंगाला श्रीमंतचं रान, दुसऱ्या अंगाला विधवा कडूबाईचं. श्रीमंत दर नांगरटीला बांध हातभर कोरायचा. एका उन्हाळ्यात तर त्याने कहरच केला. बांधाचे दगड उपसले, कानिफच्या रानात आठ पावलं आत आणून रचले आणि मोकळ्या जागेत पुढे ज्वारी पेरली. कानिफचा बाप, आबा, चावडीपुढे ओरडून ओरडून घसा बसवून घेऊ लागला. मोजणीचा अर्ज गेला, तो वाटेतच कुठे मुरला. शेवटी श्रीमंत चार लोकांत मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बांध कुठं हुता ते वरच्यालाच ठावं! जा म्हाताऱ्या, वर जाऊन बघून ये!"

चावडी खो खो हसली. आबा हसला नाही. तो त्याच सालच्या मार्गशीर्षात खरोखरच वर गेला.

तेराव्याला श्रीमंत पंक्तीला बसला. वाढायला कानिफच होता. दुसऱ्यांदा आमटी मागून घेत श्रीमंत शेजाऱ्याला म्हणाला, "गेलं बिचारं, बघायला!"

कानिफने आमटी वाढली. थेंब सांडला नाही. हात रिटचिंगवाल्याचा होता. आत काय उकळत होतं ते द्रोणाला कसं कळावं?

तीन वर्षं गेली. महायुद्ध संपलं, आणि सेहेचाळीसच्या हिवाळ्यात कुठल्याशा कंपनीने लष्कराने मोडीत काढलेलं एक विमान नगरला आणलं. लोकांना बसवून शहरावरून एक चक्कर! जाहिरातीसाठी आकाशातून फोटो हवे होते. काम मार्तंडरावांच्या स्टुडिओला आलं आणि मार्तंडरावांना तर माडीवरून खाली बघितलं तरी घेरी यायची.

"कानिफ, तू जातोस का रे? म्हणजे, भीत नसशील तर."

कानिफच्या हातातली पेन्सिल थांबली. "वर?"

"वर नाही तर काय पाताळात? विमान आहे ते!"

"जातो मालक," कानिफ म्हणाला. "मला वर जाऊन बघायचंच आहे."

तो विमानात मागच्या खिडकीशी बसला. काचेत स्वतःचाच चेहरा दिसत होता, म्हणून त्याने स्टुडिओतलं काळं कापड डोक्यावरून आणि खिडकीवरून ओढून घेतलं. शेजारी बसलेल्या नीलांबरीबाई, शाळेतल्या शिक्षिका, बिनधास्त हसल्या. "अहो, फोटो काढताय की वाफारा घेताय?"

विमान धावायला लागलं आणि सगळ्यांचं हसू दातांतच अडकलं. दात वाजत होते, खुर्च्या वाजत होत्या. जमीन सुटली. टेकाडवाडी पंखाखालून सर्रकन मागे गेली. कानिफने कोपर खिडकीच्या चौकटीला टेकून खटका दाबला, आणि दाबताक्षणीच त्याला कळलं, गेला हा फोटो! अख्खं विमान थरथरतंय आणि आपण त्यालाच हात टेकवला. गाढव!

वर गेल्यावर नगरचा किल्ला पुरणपोळीएवढा दिसला. जाहिरातीचे दोन फोटो निघाले. पण एवढ्या उंचीवरून बांध तो काय दिसणार? आता उरली होती फक्त उतरण.

"बाई," कापडातून कानिफचा आवाज आला, "उतरताना माझा सदरा मागून घट्ट धरता का? मला कुठं टेकायचं नाही."

"परक्या पुरुषाचा सदरा?" बाई म्हणाल्या. मग त्याच्या आवाजात त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे. "धरला. काढा."

विमान कलंडलं. उन्हं उतरणीला लागली होती. मारुतीच्या देवळाची पांढरी भिंत आली, विहीर आली आणि रान आलं. कानिफने खटक्यावर बोट ठेवलं. खालून बघावं तर डोक्याएवढी सलग ज्वारी. वरून मात्र तिच्यात स्वच्छ भांग पाडलेला! जिथे जुना बांध होता तिथे मुरूम घट्ट बसलेला, म्हणून तेवढ्याच पट्ट्यात ज्वारी खुरटी. श्रीमंतच्या पिकातून, अगदी आबा सांगायचा तिथून, फिकी रेघ सरळ गेली होती.

खट. खट. खट.

रात्रीपर्यंत त्याला दम नव्हता. संध्याकाळीच त्याने डार्करूमचं दार लावलं. लाल उजेडात, तबकातल्या रसायनाखाली रान हळूहळू वर आलं. रेघ आली. कानिफ स्वतःशी म्हणाला, "आबा, बघ."

आणि मग दुसरी रेघ आली.

ती त्यांच्याच रानात होती. कडूबाईच्या बाजूला, पाच-सहा पावलं आत.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो आईपुढे, गोजरबाईपुढे ठेवला. तिने दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि पटकन उचललं, चटका बसल्यासारखं.

"आबानं?" कानिफने विचारलं.

"तुजा जलम व्हायच्या आदी. समदेच कोरत्यात रं." मग ती त्याच्याकडे सरकली. "तू लोकांच्या तोंडावरचं वण पुसतोस न्हवं? मंग ही येक रेघ पुस की!"

पुसायला अर्धा तास लागला असता. कानिफने पेन्सिलीला टोकही केलं. निगेटिव्ह उजेडाला धरली. पण त्याला समोर दिसला पंक्तीतला श्रीमंत, आमटीचा द्रोण पुढे करणारा. एका रेघेला पेन्सिल लागली की हाच माणूस दुसरीकडे बोट दाखवणार: "ही पन ह्यानंच काडली असंल!" मार्तंडरावांनी गावभर कौतुक करून ठेवलेली पेन्सिल ती!

"न्हाई आये," तो म्हणाला. "गेलं तर आपलं जाऊ दे. पन त्याचं जायाच पायजे."

मामलेदार शेतसाऱ्याचे हिशेब बघायला, जमाबंदीला आले, तेव्हा चावडी भरली होती. कानिफला बघून श्रीमंतने खडा टाकलाच. "काय रं कानिफ्या, इमानातनं वर गेल्तास म्हनं! मग? बाप भेटला का?"

"भेटला की, तात्या. तुमच्यासाठी जागा धरून बसलाय."

चावडी हसली. तीच चावडी. फक्त या खेपेला श्रीमंत हसला नाही.

कानिफने परातीएवढा मोठा करून आणलेला फोटो मामलेदारांपुढे ठेवला. "ही विहीर, हे देऊळ. आणि हा जुना बांध, साहेब. आता ह्यांच्या ज्वारीत उभा आहे."

श्रीमंत वाकला. त्याच्या कपाळाला घाम सुटला. मग एकाएकी डोळे चमकले. "आन् ही? ही दुसरी रेघ कसली रं?"

गोजरबाईने पदर तोंडाशी धरला.

"ती आमची चोरी," कानिफ म्हणाला. "कडूमावशीचा बांध आबानं कोरला. कबूल. आता तात्या, तुमची बोला."

मागून कडूबाईचा बारीक आवाज आला, "मला खालनंच दिसत हुतं रं बाबा. इतकी वरीस."

कानिफची मान तेवढ्यापुरती खाली गेली. पण मामलेदार जेव्हा म्हणाले, "जुना नकाशा काढा, साखळी आणा. दोन्ही बांध मोजा," तेव्हा ती पुन्हा वर झाली.

मोजणी फोटोबरहुकूम निघाली. दोन्ही बांध आपापल्या जागी न्यायचे ठरले. कडूबाईच्या बांधाचे दगड कानिफने एका सकाळीत, मुकाट्याने वाहिले. मग हातपाय धुतले, स्टुडिओतला कॅमेरा घेतला आणि श्रीमंतकडच्या बांधावर जाऊन बसला. श्रीमंतने गडी लावले होते, पण शेवटचा, हद्दीचा दगड स्वतःच्या खांद्यावरून आणायचा, असं चावडीने बजावलं होतं.

श्रीमंत आला. पटका सुटलेला, तोंड लाल, मिशा घामाने ओघळलेल्या.

"काडू नगं," तो धापा टाकत म्हणाला. "कानिफ्या, पाया पडतो. फोटू काडू नगं."

"इकडं बघा, तात्या," कानिफ म्हणाला. हात कशालाही टेकलेला नव्हता.

पुढे वीसेक वर्षं, डोळे जाईपर्यंत, कानिफने नगरकरांचे डाग पुसले. त्याच्या टेबलावरच्या भिंतीला तो फोटो कायम असे. गिऱ्हाईक विचारायचं, "ह्याला नाही का हो रिटचिंग केलं?"

"नाही," कानिफ पेन्सिलीला टोक करत म्हणायचा. "हा माणूस आहे तसाच उत्तम आलाय."