मुंडकं नसलेल्या बाईपुढचा नवस

ग्रीसमधल्या त्या समुद्रकाठच्या गावाचं नाव मी घेत नाही. लोक विचारतात, "वहिनी, एवढ्या दूर जाऊन आल्या, काय पाहिलं?" मी सांगते, दगड.

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर. जहाज तिथल्या बंदरात दुरुस्तीला लागलं होतं, बायकोला सोबत ठेवायची परवानगी होती, म्हणून ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात लाखनीची ही सून थेट तिकडे पोचली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. समुद्र पाहतानाही माझ्या डोक्यात तेवढंच असायचं.

एका दुपारी कॅप्टन, त्याची बायको आणि आम्ही दोघं जुने अवशेष पाहायला गेलो. पडके खांब, झिजलेल्या पायऱ्या, आणि पाण्याजवळ उभी एक संगमरवरी बाई. मुंडकं नाही, हात नाहीत, पण वस्त्राच्या चुण्या जागच्या जागी. माझ्या माहेरी आसगावकडे नांगराला असा दगड लागला, की तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर नेऊन ठेवतात, शेंदूर लावतात आणि मागणं सुरू करतात. कोणाचा देव, कुठला, कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. तिच्याभोवती बांधलेली दोरी ओलांडली, पर्समधली डबी काढून तिच्या पायांना कुंकू लावलं आणि म्हटलं, "माय, एक लेकरू दे. पोरगी देशील तरी चालते."

शिट्टी वाजली. पहारेकरी ओरडत आला. त्याचा मला राग नाही. दगड त्यांचा, जपणं त्याचं काम. राग आहे तो नवऱ्याचा. लोकांसमोर मी त्याला 'हे' म्हणते, मनात त्या दिवसापासून 'तो'. कॅप्टनच्या बायकोकडे पाहून तो हसला आणि इंग्रजीत म्हणाला, खेड्यातली आहे, अडाणी आहे. मग रुमाल ओला करून माझं कुंकू पुसायला बसला. जितकं पुसलं तितकं पसरलं.

"लाज नाही वाटत काय तुले?" तो मला म्हणाला. मी काय मागितलं, ते मात्र विचारलं नाही.

गावी परतल्यावर सासूने आम्हाला गावदेवीपुढे, मातामायपुढे नेलं. कडुलिंबाखालचा तोही नाकडोळे नसलेला दगडच. सगळी आळी जमली होती. त्याने बूट काढले, हाताने शेंदूर लावला, सरळ लोटांगण घातलं. बायकांना केवढं कौतुक! विलायत पाहून बी पोरगा देवाले इसरला नाही म्हणे.

मी उभीच राहिले.

"वाक ना व माय, काहून उभी हायेस?" सासू म्हणाली.

"यायले इचारा," मी नवऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं.

कोणी विचारलं नाही. लेकरू झालंच नाही, आणि त्याचं कारण आळीत आजही एकच सांगतात, ही मातामायपुढे वाकली नाही. ते सांगतात तेव्हा तो शेजारी बसून चहा पीत असतो.