पानावरची तेलाची कुपी

आमच्या शिलाई कारखान्यात मशीन दुरुस्त करणारे काका इंग्रजी शिकवायचे, हे सांगितलं तर लोक हसतील. हसोत. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलाभोवती आम्ही सहासातजणी डबे उघडून बसायचो. टेबलाचा तेलकट वास घासात उतरायचा. तो अजून आठवतो. पुस्तक म्हणजे मशीनसोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक. एक परिच्छेद वाचून झाला की काका त्यावर तेलाची कुपी ठेवायचे आणि म्हणायचे, "झाकलं. आता तुझ्या भाषेत सांग."

मी फडाफडा वाचायचे. पाट्या वाचून एकटीने शिकलेली, त्याचा तोराही होता. एकदा काकांनी सांगायला नाही, तर वाचलं तसा मशीनमध्ये दोरा ओवायला लावलं. मला जमेना.

"पोरी, तोंड पुढे पळालं, डोकं मागेच राहिलं," ते म्हणाले. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी डबा उचलला आणि पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही.

मग साहेबांचं इंग्रजी पत्र आलं. सह्या लगेच हव्या होत्या. चाळीसजणींसमोर मी ते खणखणीत वाचलं आणि सांगून टाकलं, सगळ्यांना नव्या इमारतीत काम मिळणार, करा सह्या. रांग लागली. पहिली मीच. पेन टेकवणार तोच काकांनी कागदावर कुपी ठेवली.

"झाकलं. आता सांग."

माझे कान तापले. नवी इमारत सांगितली, काम सांगितलं. आणि खाली काय, त्यांनी विचारलं. खाली एक लांबलचक वाक्य होतं; वरचं गोड लागलं म्हणून मी ते नुसतं वाचून टाकलं होतं. मागे चाळीस बाया. थाप मारता आली असती.

"खालचं मला कळलं नाही," मी म्हटलं.

काकांनी कुपी उचलली. अर्थ मात्र सांगितला नाही, एवढे ते पक्के. कोण देणार, कुणाला, कधीपासून, कशाच्या बदल्यात, इतकंच विचारत राहिले. अडखळत मीच उलगडलं: सही केली की आमची नोकरीची जुनी वर्षं पुसली जाणार, सगळ्या आजच कामाला लागल्यासारख्या धरल्या जाणार.

एकीनेही सही केली नाही. तिथून त्या जुन्या वर्षांसाठी साहेबांशी माझं भांडण सुरू झालं, ते अजून चालूच आहे.

निवृत्त होताना काका कुपी मला देऊन गेले. आता माझ्या टेबलाभोवती मुली बसतात. तेल केव्हाच संपलंय, तरी ती पानावर ठेवताना गोल डाग पडेल असं वाटतं. 'कळलं नाही' म्हणायला जीभ अजून जड होते. पण मुलींसमोर आधी मीच म्हणते.