मोतीबाईची पातळ पेज

कोरीट गावच्या भिलाटीत मोतीबाईच्या नवऱ्याला, दिवाल्याला, सगळे ‘फुटकं मडकं’ म्हणत. किती पाणी ओता, तहान भागायची नाही आणि घडीघडी बांधाआड पळणं चालूच! थंडीत सांधे असे ठणकायचे की गडी मुटकुळं करून पडायचा. पण बरा असला की ढोल असा घुमवायचा की नवरदेवही बाशिंग सांभाळत नाचायला उतरायचा. मोतीबाई त्या ढोलावरच भाळली होती आणि हे ती कुणालाही तोंडावर सांगायची.

सत्तावन्न सालच्या फ्लूच्या साथीत घरोघर माणसं आडवी झाली. दिवाल्यालाही ताप चढला आणि पाठोपाठ लघवी लालभडक झाली. सासू गुलाबबाईनं जुना नेम बजावला, “तापम्हा पानी दिधं का मानूस हातनं जास. पेज दे, पानी नको.”

मोतीबाईला ते पटेना. ज्याचं एरवी पाण्यावाचून घटकाभर निभत नाही, तो तापात कसा जगेल? पण बाई मोठी बिलंदर. पेजेला तर मनाई नव्हती! सकाळची पेज पातळ, दुपारची त्याहून पातळ, आणि संध्याकाळी तर हंडाभर पाण्यात ज्वारीच्या कण्या एकमेकींना शोधत होत्या. दिवाल्या वाडग्यामागून वाडगे रिचवत राहिला. ताप उतरला, लघवी निवळली आणि शुद्धीवर येताच त्यानं मीठ कमी असल्याची तक्रार केली.

पुढे तिघं नंदुरबारच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बोटातून रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. “याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. म्हणून सांधे दुखतात, मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही. तापात तर याला भरपूर पाणी पाजा.”

परतीच्या वाटेवर दिवाल्या पुढे गेला, तेव्हा मोतीबाईनं भीतभीत सांगून टाकलं, “माय, ती पेज नही व्हती. पानीच व्हतं.”

“मन्हा डोया फुटेल शेतस का वं?” गुलाबबाई हसली. “हंडा कोन भरत व्हतं?”

मग तिचं हसू विरलं. “मन्हा मोठा आंडोर असाच तापम्हा पानी पानी करत गया. लोकेस्नं आयकीसन मी दिधं नही. आते बी तोंडतीन ‘दे’ म्हनानी हिंमत नही व्हनी. म्हनीसन गुमान हंडा भरा.”

आपल्याला थोरला दीर होता, हे मोतीबाईला ठाऊकच नव्हतं. तिला रडू आवरेना. सासूच्या डोक्यावरचं गाठोडं तिनं आपल्या डोक्यावर घेतलं आणि दोघी चालू लागल्या.