छुपं बटन

कळंबच्या बसस्टँडमागं गाड्यांची वायरिंग करणारे एक मिस्त्री आहेत. महागड्या, वेगवान गाड्या चोरीला जाऊ नयेत म्हणून ते आत छुपं बटन बसवतात. ते दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. बटनाची जागा ते फक्त मालकाच्या कानात सांगतात, तेही रेडिओ मोठा करून.

एकदा मी हॉर्न दुरुस्त करून घेत होतो. दोघंजण लाल स्पोर्ट्स कार भाड्याच्या टेम्पोला बांधून घेऊन आले; गाडी सोडून टेम्पो निघून गेला.

"चालूच होईना, मिस्त्री."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि स्वतःचं काम ओळखलं.

"लई बारीक फॉल्ट हाय. चहा घ्या," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन गाडीच्या खऱ्या मालकाला फोन लावला. मग अर्धा तास ते एकेक वायर पुसत बसले.

मालकानं कळवल्यावर पोलीस आले, दोघांना पकडलं. गाडी ठाण्यात न्यायची म्हणून साहेबांनी बटन कुठं आहे ते विचारलं.

"मालक तुळजापुराहून निघालेत, फोन उचलंनात. त्यांना इचारल्याबगर न्हाय सांगता येत, साहेब."

शेवटी आम्ही सगळ्यांनी ती गाडी ढकलत ठाण्यात नेली. मिस्त्रीही ढकलत होते.