भामाबाईनं न सांगितलेली गाठ

अंथुर्ण्याची भामाबाई तोंडाची भलतीच फटकळ. मेंढरं होती तेव्हा लांडग्यावर ओरडायची, मेंढरं विकून ऊस लावला तेव्हा कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यावर. पाण्याची पाळी चुकली की त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण एका गोष्टीपुढं हिची वाचा बसली. लघवीच्या वाटेशी गाठ आली होती. आधी हरभऱ्याएवढी, मग सुपारीएवढी. बसलं की नुसती आग, थेंब थेंब लघवी, लुगड्याला मधूनच रक्ताचा डाग. मग या बयेनं काय करावं? पाणी प्यायचंच सोडलं! आणि लुगडं सगळे उठायच्या आधी स्वतः धुऊन टाकायची.

सून जयवंतानं एकदा तिला उसाच्या कडेला कण्हताना धरलंच.

"आत्या, काय हुतंय?"

"पोटात दुखतंय."

सुनेला तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं.

मुलगा मल्हार तिला यष्टीनं बारामतीला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी करू. भामाबाईचा जीव भांड्यात पडला. जयवंताच्या बाळंतपणाआधी तिनं ऐकलं होतं, ते मशीन कातड्याआडचं सगळं बघतं, पोटातलं मूलसुद्धा. मग आपण कशाला तोंड उघडायचं? मशीन दाखवील, डॉक्टर समजून घेईल, आपली अब्रूही राहील.

नर्स म्हणाली, भरपूर पाणी प्या, लघवी दाटली पाहिजे. भामाबाई प्याली. दाताखाली पदर धरून बाकावर बसली. कळा सोसल्या, पण उठली नाही.

आत टेबलावर निजवलं. मल्हार उशाशी उभा.

"आजी, नेमकं कुठं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं बेंबीवर हात ठेवला. गार चिकट औषध लावून यंत्र फिरू लागलं. कुशीवरून ओटीपोटावर आलं. खाली ये बाबा, अजून जरा खाली, ती मनात विनवत होती. यंत्र थांबलं. डॉक्टरांनी पोट पुसलं.

"पोटात काही नाही. आणखी कुठं त्रास आहे का?"

तिनं मल्हारकडं पाहिलं. लेकाचे डोळे आनंदानं भरून आले होते.

"न्हाय," भामाबाई म्हणाली. जळो मेली ती लाज!

मल्हारनं स्टँडवर पेढे घेतले आणि गावात घरोघर वाटले. "मशीनीत बघितलं, आईला काय सुदीक न्हाय!"

पुढं कळा सोसवेनात तेव्हा तिनं जयवंताला परसात गाठलं. सगळा धीर एकवटून म्हणाली, "मला गाठ हाय गं."

"असती तर मशीनीत दिसली नसती व्हय? उगं मनात काय आणू नगा, आत्या." जयवंतानं मायेनं पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. "पाणी पीत जावा भरपूर."

जयवंता घरात गेली. भामाबाईनं तांब्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला आणि कोरड्या घशानं तिथंच बसून राहिली.