आबांच्या नावाची खाट

आमचे वडील, आबा, गेले तेव्हा घरात रडणं आणि पैशांची जुळवाजुळव एकाच वेळी सुरू झाली. आतल्या खोलीत आत्याबाई मोठ्याने विलाप करत होत्या आणि बाहेर अंगणात माझा थोरला भाऊ, दादा, शेजाऱ्यांना हळू आवाजात विचारत होता, की वखारवाला लाकडं उधार देईल का. आत्याबाईंचे कान तिखट. रडता रडता थांबून त्या आतूनच ओरडल्या, "चंदनाचा एक तुकडा तरी घाला रे सरणात. शिलेदाराचं घर आहे हे." आणि पुन्हा रडायला लागल्या.

शिलेदाराचं घर! मला तेव्हाही या शब्दाचा राग यायचा. आमचे पणजोबा स्वतःचा घोडा घेऊन गायकवाडांच्या चाकरीला बडोद्यात आले, ते खरे शिलेदार. आबांपर्यंत घोडा सरकारचा झाला, आबा सरकारी पागेतले साधे स्वार झाले, आणि शिलेदारी नुसती बोलण्यापुरती उरली. दादा तर सरकारी कचेरीत कारकून. महाराज सयाजीरावांच्या राज्याची ती शेवटची वर्षं. शहरात दिवे आले होते, वाचनालयं होती, मी स्वतः शिक्षिका होण्यासाठी शिकत होते. पण घरात माणूस गेलं, की पणजोबांचा घोडा पुन्हा दारात येऊन उभा राहायचा आणि त्याचा खुराक आम्हाला भरावा लागायचा.

वखारवाल्याने लाकडं दिली. चंदनाचा तुकडाही आला. विश्वामित्रीच्या काठावर आबांना अग्नी देऊन दादा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा दुःखी होता त्यापेक्षा घाबरलेला जास्त होता. खरा खर्च पुढेच होता. दहावा, बारावा, मग तेराव्याचं गोड जेवण, आणि त्या जेवणाला जातीतली सगळी घरं. कुणाला वगळायची सोय नव्हती, कारण त्या प्रत्येक घरी आम्ही कधी ना कधी असंच जेवून आलो होतो.

बाराव्याला शय्यादान असतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागतील त्या वस्तू त्याच्या नावाने भटजींना द्यायच्या. छत्री, जोडे, तांब्याभांडं आणि गादी-उशीसकट खाट. दादाने छत्री नवी आणली. जोडे नवे आणले. मग खंडेराव मार्केटच्या बाजूला खाटेचा भाव विचारून आला आणि घरी येऊन जोत्यावर बसून राहिला. तिथेच त्याने हात टेकले.

घरात एक खाट होती. संखेड्याची, रंगीत लाखेच्या पायांची, डोक्याकडे कठडा असलेली. आबांनी पेन्शनीत निघाल्यावर हौसेने आणलेली. पण तिच्यावर आई निजायची. निजायची म्हणजे बसायची. तिला दमा होता. आडवं झालं की छाती भरून यायची, म्हणून कठड्याला उशा लावून, त्यावर पाठ टेकून ती अर्धी बसून झोप काढायची. जमिनीवरून उठताना तर तिला अशी धाप लागायची की बघणाऱ्याने आधाराला धावावं. आमचं घर नदीच्या बाजूला, सखल जागी. थंडीत फरशी आणि भिंत दोन्ही ओलसर.

भटजी वयस्क होते आणि भले होते. दादाचं तोंड बघून त्यांना काय ते कळलं असावं. चारचौघांसमोर, पण अगदी सहज म्हणाले, "मालक, खाटेच्या खर्चात पडू नका. निष्क्रय द्या. वस्तूऐवजी पानावर यथाशक्ती पैसे ठेवायचे. शास्त्राला चालतं."

मी दाराआडून ऐकत होते. मला हायसं वाटलं. पण चारचौघांत बोलले तिथेच घात झाला. तिथे जातीतली वडीलधारी मंडळी बसली होती, आणि दादाला वाटलं, आपली गरिबी भटजींनी सगळ्यांसमोर बोलून दाखवली.

"भटजी," तो म्हणाला, "आमच्या आबांनी जन्मात कुणाला खोटा मुजरा केला नाही. त्यांना मी पानावरच्या पैशावर निजवू? घरात खाट आहे. तीच देऊ."

मंडळींनी माना डोलावल्या. मला बाहेर जायची मुभा नव्हती, तरी गेले. "दादा, आई कुठे निजणार?"

"बघू," दादा म्हणाला. कचेरीत लोकांना तो हेच सांगत असणार.

आत्याबाई माझ्या मागोमाग आल्या. "वैनीला आता खाट कशाला पोरी? नवरा गेल्यावर बाईमाणसानं जमिनीवरच निजायचं असतं. चार लोक काय म्हणतील?"

दादाने आईला विचारलं. कोपऱ्यात भिंतीला टेकून ती बसली होती. "आई, देऊ ना?" तिने मान हलवली. चारचौघांसमोर नवी विधवा मान हलवेल नाहीतर काय करेल, असं मला वाटलं. मी दादाकडे बघणंच सोडलं.

खाट गेली. आई जमिनीवर आली. मी चटई घातली, चटईवर घोंगडी, घोंगडीवर माझी गोधडी, पाठीशी धान्याची दोन पोती लावली. पोती घसरायची. रोज सकाळी तिचे ओठ काळसर दिसायचे, आणि उठून चुलीपाशी जाईपर्यंत ती दोनदा भिंत धरून थांबायची. तेराव्याचं जेवण झालं. मंडळी लाडू चांगले झाले म्हणाली. मी वाढता वाढता प्रत्येक पानाकडे बघून मनात म्हणत होते, हे लोक माझ्या आईची झोप खाताहेत. आज मनात असं आलं तर मी स्वतःला आवरेन, पण तेव्हा आवरलं नाही.

शेवटी एके दिवशी दादा कचेरीत गेल्यावर मी एक हातलारीवाला गाठला आणि नदीपलीकडे अकोट्याच्या वाटेला भटजी राहायचे तिथे गेले. घरात एकटे होते. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. पडवीत भिंतीला टेकवून खाटा उभ्या केल्या होत्या, एकीवर एक, आणि खुंट्यांना छत्र्याच छत्र्या. मला हसू येईना आणि रडूही येईना. आमची खाट सगळ्यात पुढे होती. तिच्यावर कुणी निजलं नव्हतं, हे तिच्यावरच्या धुळीवरून कळत होतं.

मी जे मनात ठरवून गेले होते ते घडाघडा बोलून टाकलं. आईचा दमा, ओली भिंत, पोती, सगळं. भटजींनी मधे तोंड घातलं नाही.

"घेऊन जा," ते म्हणाले. "माझी एक पाठ, ती किती खाटांवर निजणार?"

"पैसे आत्ता नाहीत."

"मागितले का मी?" मग शेंगांकडे बघत म्हणाले, "आईला विचारलंस?"

"ती कशाला नाही म्हणेल?"

"बरं," ते म्हणाले आणि खाटेचं एक टोक धरायला स्वतः उठले.

मी इतकी खूश होते की पुलावरून येताना लारीच्या पुढे चालत होते. लारीवाल्याने विचारलं, "बेन, घेर कोई मांदुं छे?" घरी कुणी आजारी आहे का, म्हणून. मी म्हटलं, माझी आई. "तो तो जल्दी करीए," म्हणत त्याने लारी अशी पळवली की मलाच त्याच्यामागे धावावं लागलं.

आई दारात सुपात डाळ निवडत बसली होती. खाट बघितली आणि सूप बाजूला ठेवलं. चौकट धरून उठली. मला वाटलं, वाट करून द्यायला उठली. पण ती चौकटीच्या मधोमध उभी राहिली.

"कुठून आणलीस?"

"भटजींकडून. त्यांनी आपणहून दिली. पैसेही नकोत म्हणाले."

"आत आणू नकोस."

लोकांची भीती असेल असं समजून मी म्हटलं, लोक गेले खड्ड्यात, आत्याबाईंना मी बघून घेते. ती मान हलवत राहिली. तेव्हा माझा तोल गेला. "अगं, हे लाकूड आहे नुसतं! तिथे पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. धूळ साचली होती तिच्यावर. आबा काही तिथे तिच्यावर निजले नव्हते. मी डोळ्यांनी बघून आले!"

"तू पडवी बघून आलीस," आई म्हणाली.

मग तिला धाप लागली. ती तशीच उभी राहिली, आणि श्वास येईल तसं तुकड्यातुकड्याने बोलली.

"तुझे आबा जन्मभर पागेत निजले. घोड्याशेजारी. जमिनीवर. म्हातारपणी ही एक खाट केली हौसेनं. वर्षभर निजले असतील, तेवढ्यात माझा दमा सुरू झाला. म्हणाले, तू वर ये. स्वतः खाली गेले. मी रोज म्हणायची, मी बसते कशीतरी, तुम्ही वर निजा. नाही ऐकलं. जीवही खालीच सोडला, तू होतीस ना तिथे?" ती थांबली. "आता कुठे त्यांच्या पाठीला खाट मिळालीय. आणि मी त्यांना म्हणू, उठा?"

मी खाटेच्या कठड्यावरचा हात काढला.

"दादानं विचारलं तेव्हा मी मान हलवली, ती काय लोकांसाठी हलवली होय?" ती म्हणाली आणि खाली बसली. बसताना तिला फार त्रास झाला.

मला राग कुणावर काढावा कळेना, म्हणून मी लारीवाल्याशी भांडले. तो बिचारा "आ खाटलो क्यां उतारुं?" एवढंच विचारत होता. मी त्याला म्हटलं, नदीत उतार. त्याने खाट दारासमोर ठेवली, हातात पडले ते पैसे घेतले आणि निघून गेला. दादा कचेरीतून येईपर्यंत ती रस्त्यातच होती. येणारेजाणारे बघत होते.

दादाला मी सगळं सांगितलं. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने कोट काढून आत ठेवला आणि खाटेचं एक टोक उचललं. दुसरं मी धरलं. पुलावर दम खायला खाट टेकवली तेव्हा तो म्हणाला, "तेव्हाच निष्क्रय दिला असता तर बरं झालं असतं, नाही?"

"हो," मी म्हटलं.

खाट पुन्हा उचलताना तो म्हणाला, "आईला मात्र बरं नसतं वाटलं."

भटजींनी खाट परत घेतली आणि पडवीत होती तिथेच उभी केली.

मग आम्ही ठरवलं, आईसाठी काथ्याची एक साधी बाज आणायची. अशा बाजेला तिची हरकत नव्हती. पण वखारवाल्याचे राहिले होते, किराण्यावाल्याचे राहिले होते, तेराव्याच्या लाडवांचे राहिले होते. आईच म्हणायची, आधी लोकांचं देऊन टाका, मग बाज. संक्रांतीला आणू म्हणालो, संक्रांत गेली. शिमग्याआधी नक्की आणू म्हणालो. शिमग्याआधी आई गेली. सकाळी चहा घेऊन गेले तर पोत्यांना पाठ टेकून, मान एका बाजूला कलवून बसली होती. मला वाटलं डोळा लागला. तिला झोप लागलेली बघून मला बरं वाटलं, आणि मी चहा झाकून ठेवला.

तिच्या वेळी कुणी चंदनाचं नाव काढलं नाही. आत्याबाई स्वतःच म्हणाल्या, बाईमाणूस, थोडक्यात करा. जातीतली मंडळीही फार आली नाहीत. बाराव्याला तेच भटजी आले. शय्यादानाची वेळ झाली तेव्हा त्यांनी दादाकडे बघितलं, आणि दादाने दाराकडे, माझ्याकडे बघितलं. घरात आता द्यायला काहीच नव्हतं, आणि पुन्हा उधारी करायची त्याची छाती नव्हती. त्या काही महिन्यांत तो किती वाकला होता हे मला तेव्हा दिसलं.

"निष्क्रय दे," मी म्हटलं.

या खेपेला त्याने माझं ऐकलं. विड्याच्या पानावर पैसे ठेवले, त्यावर पळीभर पाणी सोडलं. भटजींनी पान उचललं. शास्त्राला चालतं, ते पुन्हा म्हणाले, यावेळी माझ्याकडे बघून. घरावर कर्ज चढलं नाही, दादा त्या दिवशी पोटभर जेवला, आणि मी म्हटलं तेच शहाणपणाचं होतं. आजही वेळ आली तर मी तेच सांगेन.

माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. मेल्यावर माणूस कुठे जात नाही, त्याला छत्री लागत नाही, जोडे लागत नाहीत, असं मी माझ्या विद्यार्थिनींना कितीदा सांगितलं आहे. तरी आबा आठवले की मला ते त्या खाटेवर लांब पाय पसरून गाढ झोपलेले दिसतात. आई मात्र बसलेलीच दिसते.